पुन्हा 'बॅबिलॉन ५', आणि एक राहून गेलेली दुरुस्ती

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

गेला दीड महिना मी रात्री दहानंतर फोन उचलत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. काळजीचं काही कारण नाही. 'बॅबिलॉन ५' ही जुनी इंग्रजी मालिका पहिल्या भागापासून पुन्हा बघतोय. ११० भाग आहेत, रोज दोन. बायकोनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "एकदा बघितलेलं पुन्हा काय बघायचं?" मी म्हटलं, तू नाही का दरवर्षी तेच लोणचं घालत. हे उत्तर काही चाललं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९९३ साली याचा पायलट भाग आला आणि १९९४ ते १९९८ अशी पाच सीझन मालिका चालली. तेविसाव्या शतकातली गोष्ट आहे. पाच मैल लांबीचं एक अंतराळ स्थानक, त्यात अडीच लाख जीव, माणसं आणि परग्रहावरचे लोक. दहा वर्षांपूर्वी पृथ्वी एका मोठ्या युद्धात संपता संपता वाचलेली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून सगळ्यांचे राजदूत या एका ठिकाणी आणून बसवलेत. संयुक्त राष्ट्रसंघ, आठवडी बाजार आणि एसटी स्टँड एका छपराखाली आणलं तर जे होईल, ते म्हणजे बॅबिलॉन ५.

मी पहिल्यांदा पाहिली २००४ मध्ये. पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच झाला होता, पुण्यात एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो. एकाचा भाऊ अमेरिकेत होता, त्यानं डीव्हीडीचे संच पाठवले. त्या अमेरिकन डिस्क आपल्याकडच्या प्लेअरवर चालायच्या नाहीत. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन बदलावा लागायचा आणि तो मोजून पाच वेळाच बदलता येतो. आम्ही एकदा बदलला आणि कुणी हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं. खाली इंग्रजी सबटायटल वाचत, मध्येच डिक्शनरी उघडत बघायचो. खोली सोडताना तो संच माझ्या वाट्याला आला. सतरा-अठरा वर्षं कपाटावर धूळ खात पडला होता.

आता बघताना पहिल्यांदा हसू आलं ते ग्राफिक्सचं. तेव्हा ती अंतराळयानं बघून आमचे डोळे विस्फारायचे. सुरुवातीचं हे सगळं काम अमिगा नावाच्या घरगुती कॉम्प्युटरवर केलेलं होतं. आमची दहावीतली कन्या पाच मिनिटं बसली आणि म्हणाली, "पप्पा, हे आपल्या मोबाइलमधल्या गेमपेक्षा गंडलेलं आहे." त्यात डीव्हीडीवर पडद्याचा आकार रुंद करताना यानांची दृश्यं वरून-खालून कापून मोठी केलीत, त्यामुळे ती धुरकट दिसतात. असो. पहिला सीझन थोडा सोसावा लागतो हे मी मान्य करतो.

पण पुन्हा बघण्याची एक वेगळीच गंमत आहे. पुढं काय होणार हे माहीत असतं, त्यामुळे नजर भलतीकडे जाते. कोण जिंकतंय याकडे लक्षच राहत नाही. मागं कोपऱ्यात कोण उभा आहे, टीव्हीवर काय चालू आहे, हे दिसायला लागतं.

आणि या मालिकेत मागं कुठंतरी टीव्ही चालूच असतो. त्या काळातलं बातम्यांचं चॅनेल, आयएसएन. जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की हा या मालिकेचा कर्ताधर्ता. ११० पैकी ९२ भाग एकट्यानं लिहिले, तिसरा आणि चौथा सीझन तर अख्खा. टीव्हीत येण्याआधी तो वर्तमानपत्रांत लिहायचा, बातमीदारी केलेला माणूस. ते कळतं. सुरुवातीला आयएसएन म्हणजे साधं, शहाणं, जरा कंटाळवाणं चॅनेल आहे. पहिल्या सीझनच्या शेवटी पृथ्वीच्या अध्यक्षांचं यान स्फोटात उडतं, उपाध्यक्ष क्लार्क शपथ घेतो, आणि आयएसएन ते सगळं जसंच्या तसं दाखवतं. त्यानंतर हळूहळू सूर बदलत जातो. कुठल्या भागात बदलला, हे वीस वर्षांपूर्वी मला विचारलं असतं तर मी एका दमात सांगितलं असतं, "तिसरा सीझन, दहावा भाग." (पुढं कथानक फुटणार आहे. बघायची असेल त्यांनी इथून खाली वाचू नका.)

तो दहावा भाग म्हणजे 'सिव्हर्ड ड्रीम्स', १९९६ चा. क्लार्कनं मार्शल लॉ लावलाय, मंगळावर बॉम्बफेक झालीय. आयएसएनची निवेदिका कॅमेऱ्यासमोर सांगून टाकते, की आम्हाला खरं सांगू दिलं जात नव्हतं, ते आता सांगतो. पाठीमागं गोळीबार ऐकू येतो, स्टुडिओ हादरतो आणि पडदा काळा. २००४ मध्ये आम्ही पाचही जण खोलीत गप्प बसलो होतो. मी डिप्लोमावाला. मला वाटलं, ही मी. आपल्यावर वेळ आली तर आपणही असंच करणार. दुसऱ्या दिवशी एका दैनिकाच्या कचेरीत नोकरीचा अर्ज टाकला, ही अतिशयोक्ती नाही.

या वेळी तोच भाग पाहिला आणि काहीच झालं नाही. म्हणजे भाग तितकाच चांगला आहे, त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळालेला आहे. पण मी त्या निवेदिकेकडे बघतच नव्हतो. मी झॅकला शोधत होतो.

झॅक ॲलन हा स्थानकाच्या सुरक्षा दलातला शिपाईगडी. मनानं चांगला. दुसऱ्या सीझनमध्ये पृथ्वीवरून शांतता मंत्रालयाचा माणूस येतो आणि 'नाइटवॉच' नावाची योजना समजावतो. दंडाला काळी पट्टी बांधायची, आजूबाजूला कोण सरकारविरोधी बोलतंय त्यावर नजर ठेवायची, आठवड्याला पन्नास क्रेडिट जादा मिळणार. झॅकला त्यात काही गैर दिसत नाही. एवीतेवी डोळे उघडे ठेवणं हे त्याचं कामच, त्याचे पन्नास क्रेडिट मिळत असतील तर का सोडा? तो पट्टी बांधतो. पहिल्या खेपेला हा प्रसंग माझ्या लक्षातसुद्धा नव्हता. या वेळी मी तो दोनदा बघितला. पुढं अगदी टोकाला आल्यावर झॅक वरिष्ठांच्या बाजूनं उभा राहतो आणि नाइटवॉचवाल्यांनाच जाळ्यात अडकवतो, त्यामुळे तो बचावतो. पण मधले कितीतरी भाग ती पट्टी त्याच्या दंडावर असते. स्क्रीनच्या एका कडेला, नुसती असते.

आपल्याकडे तालुका प्रतिनिधीला पगार नसतो, हे वाचकांपैकी किती जणांना माहीत आहे? मानधन असतं, ते पेट्रोलला पुरत नाही. घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याचा वाढदिवस, दिवाळी, कारखान्याचा बॉयलर पेटला, पतसंस्थेचा वर्धापनदिन, पुरवणी काढायची. आज ज्याच्याकडून शुभेच्छांची अर्ध्या पानाची जाहिरात घेतली त्याच्याच विरोधात उद्या बातमी लिहायची, असा हा धंदा आहे. कुणी तोंडावर येऊन "हे छापू नका" म्हणत नाही. तशी वेळच येत नाही.

मालिकेकडे परत येतो. दुसऱ्या सीझनमध्ये एक अख्खा भाग आयएसएनच्या माहितीपटासारखा केलेला आहे. चॅनेलची पत्रकार स्थानकावर येते, सगळ्यांच्या मुलाखती घेते. त्यात डेलेन नावाची मिनबारी राजदूत आहे. मिनबारी म्हणजे ज्यांच्याशी पृथ्वीचं ते युद्ध झालं ते लोक. डेलेननं दोन्ही बाजूंत दुवा व्हावा म्हणून स्वतःत बदल करून अर्धं माणसाचं रूप घेतलेलं असतं. ती पत्रकार तिला शांतपणे, गोड आवाजात विचारते, की युद्धात ज्यांची माणसं तुमच्या लोकांनी मारली, त्यांना तुमचा हा चेहरा बघून काय वाटेल? डेलेन कोसळते, डोळ्यांत पाणी येतं. कॅमेरा हलत नाही. लक्षात घ्या, या वेळी आयएसएनवर कुणाचीही सक्ती नाही. चॅनेल मोकळं आहे, पत्रकार हुशार आहे. आणि त्याच माहितीपटाच्या मध्ये एका सरकारी संस्थेची चकचकीत जाहिरात लागते. म्हणजे सूर तिथंच बदललेला होता. मी तिसऱ्या सीझनमध्ये शोधत होतो.

डेलेनचं काम करणारी मिरा फुर्लान मूळची झाग्रेबची, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातली मोठी अभिनेत्री. कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या १९८५ च्या एका चित्रपटात तिची भूमिका होती. नवरा सर्बियन. १९९१ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ती बेलग्रेडमध्येही नाटकात काम करत राहिली, म्हणून तिच्याच गावच्या वर्तमानपत्रांनी तिला देशद्रोही ठरवलं. नाट्यगृहानं काढून टाकलं. तिनं एक अनावृत पत्र लिहिलं आणि नवऱ्यासोबत अमेरिका गाठली. दोन-तीन वर्षांत ती या मालिकेत, दोन शत्रूंच्या मधे उभ्या राहिलेल्या बाईच्या भूमिकेत होती. २०२१ च्या जानेवारीत, वयाच्या ६५ व्या वर्षी ती गेली. तिची ही हकिगत २००४ मध्ये मला माहीत नव्हती. आता तो मुलाखतीचा प्रसंग बघताना प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराचा राग आला. मग लक्षात आलं, असले प्रश्न मीही विचारलेत. शेतकऱ्यानं आत्महत्या केली त्या घरात जाऊन, तिसऱ्याच्या आत.

अजून एक, याच लेखकाबद्दल. पहिल्या सीझनचा कमांडर सिंक्लेअर झालेला मायकल ओ'हेअर दुसऱ्या सीझनला गायब होतो. आम्ही तेव्हा त्याच्या ताठर अभिनयाची टिंगल करायचो, "काढून टाकला असेल" म्हणायचो. खरी गोष्ट अशी, की तो गंभीर मानसिक आजाराशी झगडत काम करत होता. स्ट्रॅझिन्स्कीला माहीत होतं. त्यानं शब्द दिला आणि ओ'हेअर २०१२ मध्ये वारल्यानंतरच ते सांगितलं, तेही ओ'हेअरच्याच इच्छेप्रमाणे. जवळपास वीस वर्षं हा माणूस लोकांच्या प्रश्नांना गप्प बसून सामोरा गेला. न छापणं म्हणजेही काय असू शकतं, हे यात दिसतं. माझं न छापणं त्या जातीचं नव्हतं.

गेल्या महिन्यात चौथ्या सीझनचा आठवा भाग लागला, 'द इल्यूजन ऑफ ट्रूथ'. योगायोगानं त्या रात्री कन्या शेजारी येऊन बसली, वीज गेल्यामुळे तिचा अभ्यास थांबला होता आणि इन्व्हर्टर फक्त हॉलला आहे. या भागात आयएसएन पूर्ण सरकारच्या ताब्यात गेलंय. त्यांचा एक पत्रकार स्थानकावर येतो आणि म्हणतो, मला माहीत आहे आम्ही काय दाखवतो, पण माझ्यामार्फत थोडं तरी खरं बाहेर जाऊ द्या. नवा कमांडर शेरिडन नाइलाजानं हो म्हणतो. अर्धा भाग चित्रीकरण, उरलेला अर्धा प्रत्यक्ष प्रसारण. प्रसारणात माणसं तीच, त्यांचे शब्दही तेच, फक्त मागंपुढं जोडलेलं वेगळं. दवाखान्यात वाचवण्यासाठी गोठवून ठेवलेले रुग्ण असतात, ते परग्रहवासीयांच्या प्रयोगाचे बळी होतात. शेरिडनला वेड लागलंय हे सांगायला एक तज्ज्ञ बसवलेला असतो, आजाराला भारदस्त नावही दिलेलं असतं.

कन्येनं विचारलं, "पप्पा, हे खरंच असं करता येतं?"

मी उत्साहानं समजावायला लागलो. वाक्य कुठं तोडायचं, मथळा कसा द्यायचा, चौकटीत काय टाकायचं. वहीवर लिहूनच दाखवलं.

"तुम्ही केलंय का कधी?"

मी म्हटलं, झोप आता, सकाळी शाळा आहे.

२०१३ चा दुष्काळ आठवत असेल. आपल्या तालुक्यात टँकर सुरू होते. एका गावच्या सरपंचबाईंकडे मी गेलो होतो. गावाचं नाव देत नाही, त्यांचंही नाही, त्यांनीच तसं सांगितलंय. त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बातमी लागली, मथळा 'टँकर सुरळीत, टंचाईवर मात', आणि आत बाईंच्या तोंडी एकच वाक्य: "टँकर येतोय गावात, न्हाई म्हनत न्हाई मी." शब्द त्यांचेच होते. पुढं 'पण' होता, तिथून पुढचं मी कापलं. डेस्कवर कुणी कापलं नाही, कुणाचा फोन आला नाही. त्याच आठवड्यात एका नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी होती आणि टँकरचा ठेका त्यांच्या जवळच्या माणसाकडे होता. माझं कमिशन साडेतीन हजार रुपये झालं. त्यात याच पोरीची बालवाडीची फी भरली आणि गाडीचा एक हप्ता.

बाई दलित वस्तीत राहायच्या. वस्तीवाल्यांना वाटलं, आपलीच बाई खुर्चीवर बसून फितली. पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या. त्यांच्या विरोधात प्रचार करणाऱ्यांच्या खिशात माझ्या बातमीचं कात्रण होतं, हे मला दुसऱ्याच कुणीतरी हसत हसत सांगितलं होतं. कात्रणामुळेच पडल्या असं मी म्हणणार नाही, आपल्याकडच्या निवडणुका सगळ्यांना माहीत आहेत. पण त्या कात्रणावर बायलाइन माझी होती.

जुन्या वह्या मी टाकत नाही. माळ्यावरून दोन पोती काढली, तिसऱ्या दिवशी ती वही सापडली. गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. दारात शेळ्या बांधल्या होत्या. मला ओळखलं. चहा ठेवला. मी वही उघडून त्यांना त्यांचंच बोलणं वाचून दाखवलं. दुरुस्ती म्हणून ते इथं देतो, बारा वर्षं उशिरा, जसं वहीत आहे तसं:

"टँकर येतोय गावात, न्हाई म्हनत न्हाई मी. पण त्यो चौकातल्या हिरीत रिकामा व्हतो. आमच्या वस्तीपस्तूर नऊ दिसांत एकदा बी आला न्हाई. चौकातल्या हिरीवर आमाला शेवटाला भरू देत्यात, तवर खाली गाळ ऱ्हातो. हे लिवा भाऊ."

ऐकून त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी म्हनलंवतं की, हे लिवा." मी म्हटलं, हो काकू, तेही वहीत आहे.

"मग आता पेपरात देनार का?"

ते दैनिक मी सोडून आठ वर्षं झाली, आता माझं साप्ताहिक आहे, त्यात देतो आणि फेसबुकवर टाकतो, असं मी सांगितलं.

"आता वस्तीत त्यातलं कोन ऱ्हायलंय वाचायला," त्या म्हणाल्या. "निम्मी पुन्याला गेली. माजा मालक गेला, त्येला लई लागलं होतं ते." मग शेळीला पाला टाकायला उठल्या. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. निघताना वस्तीवरचा नवा नळ दाखवला. पाइपलाइन झालीय, पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही रात्री दोनला. त्याची बातमी या अंकात पान दोनवर आहे.

कन्येला पोस्ट आधी वाचायला दिली. बालवाडीच्या फीचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. काढू का विचारलं, तर नको म्हणाली. सध्या ती रोज एक भाग माझ्यासोबत बघते, ग्राफिक्सला नावं ठेवत. चौथ्या सीझनच्या शेवटाकडे ती आयएसएनची निवेदिका पुन्हा पडद्यावर येते, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

डीव्हीडीचा संच कुणाला हवा असेल तर पुढच्या महिन्यात घरी येऊन घेऊन जा. पहिल्या सीझनची तिसरी डिस्क अडकते, पुसून लावा. आणि परत आणून द्या.